रात्री दोनची हजेरी



ग्रामीण पोलीस ठाण्याचं मनुष्यबळ मोजायचं असेल तर मंजूर पदांचा तक्ता बाजूला ठेवावा आणि रात्री दोन वाजता हजेरी घ्यावी. तक्त्यातला कोणी यात्रेच्या बंदोबस्ताला गेलेला असतो, कोणी जिल्ह्याच्या कार्यालयात संलग्न, कोणी दिवसभर कोर्टात साक्षीला बसून घरी आडवा झालेला. ठाण्यात उरतात तिघं-चौघं. ठाणे अंमलदार स्टेशन डायरी घेऊन टेबलाशी. कोठडीत आरोपी असेल तर तिथला गार्ड जागचा हलू शकत नाही. एवढ्यात ११२चा कॉल येतो, दूरच्या वाडीत हाणामारी. गाडी निघाली की मुद्देमालाची खोली, कोठडी आणि दारात येणारा माणूस, सगळं दोघांवर. वाडीत उतरणारेही दोघंच, बहुधा एकेक काठी घेऊन.

धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवर फिरत होती. डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. पालघरमधल्या गडचिंचल्यात १६ एप्रिल २०२०च्या रात्री पोलीस हजर होते, तरी दोन साधू आणि त्यांचा चालक वाचले नाहीत. पोलिसांनाही मार बसला. पुढे काही पोलिसांची नोकरी गेली. कसूर असेल तर शिक्षा हवीच. पण शेकडोंच्या जमावासमोर किती जण उभे होते, याची जबाबदारी वरच्या टेबलांपर्यंत फारशी जात नाही.

सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२०मध्ये प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितलं. कोठडीतल्या माणसासाठी ते फार मोलाचं आहे. मात्र कॅमेरा कुणाच्या मदतीला धावत नाही.

माझं मत कदाचित गावांना रुचणार नाही. ज्या दूरक्षेत्रात, म्हणजे ठाण्याच्या दूरच्या चौकीत, रात्री दोन माणसं देता येत नाहीत, ते रात्रीपुरतं बंद करावं आणि तिथला अंमलदार ठाण्याच्या गाडीवर घ्यावा. एकट्याला तिथं बसवल्यानं गावाला नुसता दिलासा मिळतो, संरक्षण नाही. गडचिरोलीत नक्षलवाद्यांचा धोका उघड होता, म्हणून तिथं सशस्त्र मदत केंद्रं उभी राहिली, पुरेशा जवानांसह. बाकी जिल्ह्यांत पहिली खबर अनेकदा गावच्या पोलीस पाटलाकडून येते. १९६७च्या ग्राम पोलीस अधिनियमानं त्याच्यावर काम टाकलंय, हाती शस्त्र नाही. अफवेच्या दिवसांत त्यानं रात्री फोन केला, तर तो पहिल्या रिंगला उचलणारा माणूस ठाण्यात हवा, आणि त्याच्याशिवाय गाडीत बसायला आणखी चौघं.