मात्रा कळली तर भेसळही बळ देते





कोल्हापूर जसं गुळाचं, तसंच ओतकामाचं. काहिलीत भेंडीचा रस किती आणि केव्हा घालायचा हे गुळव्या जाणतो. वितळलेल्या धातूच्या लॅडलमध्ये मॅग्नेशियम किती आणि केव्हा, हे आमचा भट्टीवाला.

‘भेसळ’ म्हटलं की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. पण शुद्ध लोखंड मऊ. त्याच्यावर पूल उभा राहत नाही. शंभर किलोत दोनशे ग्रॅमच्या आसपास कार्बन मुरला, की तेच बांधकामाचं पोलाद होतं.

आमच्या बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, गोष्ट याहून नवलाची. साध्या बिडात ग्राफाइटचे पापुद्रे असतात. प्रत्येक पापुद्रा म्हणजे आतली चीरच; घाव बसला की बीड तिथूनच फुटतं. 1943 साली अमेरिकेत कीथ मिलिस युद्धामुळं दुर्मिळ झालेल्या क्रोमियमला पर्याय शोधत होते. त्यांनी वितळलेल्या बिडात मॅग्नेशियम मिसळलं आणि पापुद्र्यांच्या जागी गोळ्या तयार झाल्या. टनभर धातूत शेवटी उरतं जेमतेम 400 ग्रॅम मॅग्नेशियम, पण तेवढ्यावर 400/15 ग्रेडचं एसजी, म्हणजे गोल ग्राफाइटचं बीड, तुटण्याआधी 15 टक्के लांबतं. हातोडी मारून ऐका: साधं बीड बद्द वाजतं, एसजी घंटेसारखं.

मात्र ओतायला रेंगाळलात, तर मॅग्नेशियम उडून जातं आणि ग्राफाइट पुन्हा पापुद्र्यांकडं वळतं. गंधक जास्त असेल तर तेच मॅग्नेशियम खातं. भंगारातून चिमूटभर शिसं आलं, तरी अख्खी हीट, म्हणजे भट्टीभर धातू, बिघडू शकते. एक भेसळ तारते, दुसरी मारते. फरक ओळखणं, यालाच आपण धातुशास्त्र म्हणतो.

म्हणून या परिषदेत विनंती एवढीच: प्राध्यापकांनी भट्टीजवळ यावं आणि भट्टीवाल्यांनी प्रश्न विचारायला लाजू नये. बाहेरच्या टेबलावर आमची रिजेक्ट झालेली कास्टिंग मुद्दाम फोडून मांडली आहेत. ती हातात घ्या, कारणं सांगून जा.

आमच्या पाहुणचारात काही उणं राहिलं, तर ती ‘उपयुक्त भेसळ’ समजून सोडून मात्र देऊ नका. हक्कानं कान धरा.