ब्रेंथम : भाडेकऱ्यांचें उपनगर

लंडनच्या पश्चिमेस ईलिंग नांवाचें उपनगर आहे. तेथील उंचवट्यावरून उत्तरेकडे उतरूं लागलें म्हणजे ब्रेंट नदीचें सखल खोरें लागतें. नदी म्हणावयाची ती रूढीनें. सह्याद्रीच्या कुशींत तिला ओढाच म्हटलें असतें. या उताराच्या पायथ्याशीं सहाशेंहून अधिक घरांची ब्रेंथम ही वसाहत आहे. नकाशांत ती शोधावीच लागते. परंतु घर राहणाऱ्याचें कीं पैसेवाल्याचें, या जुन्या वादाचा निकाल येथें एकदां प्रत्यक्ष लावून पाहण्यांत आला.

१८३८ सालीं आगगाडी ईलिंगला पोहोंचली आणि शेतांच्या जागीं हळूहळू सुखवस्तु लोकांचे बंगले उभे राहूं लागले. ते बांधणाऱ्या गवंडी-सुतारांस मात्र असें घर स्वप्नांतहि परवडण्यासारखें नव्हतें. १९०१ सालीं हेन्री व्हिव्हियन या सहकारवादी पुढाऱ्याच्या प्रेरणेनें अशाच कांहीं कारागिरांनीं ‘ईलिंग टेनंट्स’ ही संस्था काढली. व्हिव्हियन स्वतः मूळचा सुतार. पहिलीं नऊ घरें वुडफील्ड रस्त्यावर झालीं. तीं दिसावयास साधीं, एका रांगेचीं. नवलाई होती ती व्यवहारांत.

राहणाऱ्यानें संस्थेचे भाग घ्यावयाचे, एकदम जमत नसेल तर हप्त्यानें. भांडवलावरील व्याजास मर्यादा. त्यापलीकडे उरेल तो नफा भाड्याच्या प्रमाणांत भाडेकऱ्यांच्याच नांवें, तोहि भागांच्या रूपानें जमा व्हावयाचा. घर कोणा एकाचें नाहीं, पण सर्व घरांत प्रत्येकाचा वांटा आहे. मग भिंतीस खिळा ठोकतांनाहि मनुष्य विचार करतो, असा यांतला हिशेब! मुंबईच्या श्रोत्यांस ही रीत अगदींच परकी वाटूं नये. गावदेवीस १९१५ सालीं सारस्वत मंडळींनीं काढलेली सहकारी गृहसंस्था याच कुळांतली.

१९०७ च्या सुमारास रेमंड अन्विन व बॅरी पार्कर या स्थापत्यविशारदांनीं पुढील आंखणी केली, आणि वसाहतीचें रूपच पालटलें. सरळ रांगा जाऊन वळणांचे रस्ते आले. घरांपुढें कुंपणाची हिरवी झुडुपें, मागें भाजीपाल्याचे वाफे. एका रस्त्यास होलिओक या सहकारमहर्षीचें नांव दिलें. १९११ सालीं सभागृह व क्रीडांगणें असलेली मंडळाची इमारत उघडली. तिच्याच अंगणांत टेनिसची रॅकेट धरावयास शिकलेला फ्रेड पेरी पुढें १९३४, १९३५ व १९३६ अशीं लागोपाठ तीन वर्षें विंबल्डनला अजिंक्य ठरला. त्याचे वडीलहि सहकारी चळवळीचेच कार्यकर्ते होते.

योजनेंत एक कच्चा दुवा होता. एवढें बांधकाम कारागिरांच्या तुटपुंज्या हप्त्यांवर होण्यासारखें नव्हतें. मोठें भांडवल बाहेरच्या सहानुभूतिदारांचें. भाग जसे घेतां येतात तसे विकतांहि येतात. पहिल्या महायुद्धांत बांधकाम थांबलें, आणि १९३० नंतरच्या दशकांत संस्थेची मालकी बाहेरील गुंतवणूकदारांच्या हातीं गेली. पुढें घरें एकेक करून विकलीं जाऊं लागलीं.

१९६९ सालीं वसाहतीस संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला. खिडकी बदलावयाची तर ती मूळच्या घडणीस धरूनच असावी, यावर तेथें आतां बारीक लक्ष असतें. तींच वळणें, तींच झुडुपें आजहि आहेत. मात्र ज्या गवंड्यासाठीं तीं घरें बांधलीं, त्याला आज त्यांतील एकहि विकत घेतां येणार नाहीं.