दारातला मारका कोंबडा

मायबाप हो, मारकी गाय तुम्हाला ठाऊक आहे. कोंबडाही मारका होतो बरं का! दाणे टाकून पाठ फिरवली, की हा मागून पोटरीवर उडी घेतो. मग घरातली माउली खराटा उचलते. मारलं, तर हा समजतो, आला दुसरा कोंबडा! उद्या दुप्पट जोरानं येतो. आणि पळालात, तर समजतो, जिंकलो!

त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे. तो राखणदार. घार दिसली की आधी तोच ओरडतो. दाणा सापडला की माद्यांना हाक मारतो. म्हणून आधी अंगण मोजा. एका कोंबड्यामागं 8-10 माद्या असाव्यात. 4 माद्यांत 2 कोंबडे ठेवलेत, तर भांडण तुम्हीच विकत आणलंत! माद्यांच्या पाठीवरची पिसं गेलेली दिसतील. एक कोंबडा वेगळा करा.

उरलेला अंगावर आला, तर हात उगारू नका, पाठही दाखवू नका. उभे राहा. तो बाजूला झाला की कामाला लागा.

पण दारात रांगतं लेकरू असेल, तर हे प्रयोग नकोत. त्याची उडी लेकराच्या डोळ्यापर्यंत पोचते. त्याच दिवशी कोंबडा डालग्याखाली!

"महाराज, कापू का?" माळकऱ्याला विचारता होय हे? ज्याच्या घरी लहान मूल नाही आणि माद्या पुष्कळ आहेत, त्याला देऊन टाका. देताना मात्र मारका आहे हे सांगा. गाय विकताना लपवतात, तसं करू नका.