गोवऱ्यांखालचं गाव

मागच्या वेळी मी बचत गटाच्या हप्त्यांबद्दल बोलले, तेव्हा दोघी-तिघी म्हणाल्या, ताई, कधीतरी दुसरं काही सांगा. म्हणून आज प्रवासाचं सांगते.

हिवाळ्यात आम्ही सातजणी गुरुग्रामला सरस मेळ्यात हळद आणि पापड घेऊन गेलो होतो. मेळा संपला आणि परतीच्या गाडीला तीन दिवस होते. ताजमहाल बघू, असं बहुतेकींचं मत. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, राखीगढीचं नाव तेव्हापासून डोक्यात. मी हट्टच धरला. प्रत्येकीने वर्गणी काढून गाडी केली. ड्रायव्हर म्हणाला, "बायका कुरुक्षेत्राला जातात, तिकडे काय आहे? माती आहे."

खरंच माती आहे. दिल्लीपासून दीडशे किलोमीटर, हिसार जिल्हा. मोहरीची शेतं, आणि मध्येच पांढरीची टेकाडं. आपल्याकडे जुन्या गावठाणाच्या जागेला पांढर म्हणतात ना, तशीच, पण केवढी! एकामागून एक टेकाडं. साडेचार हजार वर्षांपूर्वी इथे मोठं नगर होतं. विटांच्या भिंती, सांडपाण्याची गटारं, मणी घडवायचे कारखाने. आणि आज त्यातल्या काही टेकाडांवर राहती घरं आहेत, उतारावर गोवऱ्या वाळताहेत. गोवऱ्यांचे हुडवे तर बघत राहावेत असे. वरून लिंपलेले, लिंपणावर बोटांनी नक्षी काढलेली. आमच्यातल्या एकीने जुन्या विटांचा एकही फोटो काढला नाही, हुडव्यांचेच काढले.

तिथे एक ताई शेण थापत होत्या. आम्हीही त्यातल्याच, म्हणून लगेच गप्पा जमल्या. गोवऱ्या विकून किती सुटतात, वगैरे. मग त्या म्हणाल्या, "टेकाडावरची घरं हलवायचं किती वर्षं चाललंय. मोठे साहेब येतात, खड्डे खणतात, झाकतात, जातात. आमची म्हैस कुठे बांधायची ते कुणी सांगत नाही." मला काय बोलावं कळेना. टेकाड राखायला हवं, हे मला पटतं. गोवऱ्यांसाठी उतार उकरला की खालचं जातं, तेही खरं. पण त्या ताईंची म्हैस माझ्या इतिहासाच्या वहीत कुठेच नव्हती.

इथल्या दफनभूमीचं खोदकाम आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी केलंय. कित्येक सांगाडे तपासले, पण उष्ण हवेत हाडांतला डीएनए टिकत नाही. टिकला तो एकाच सांगाड्यातला, आणि तो एका बाईचा. २०१९ साली त्यावरचा शोधनिबंध जगभर गाजला. २०२२ मध्ये दोन बायकांचे सांगाडे सापडले, त्यांच्या हातात बांगड्या होत्या. हे सांगितल्यावर गाडीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग कुणीतरी म्हणालं, म्हणजे हातात बांगड्या ठेवूनच पुरलं.

रात्री हनुमानगडला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी कालीबंगा. हे राजस्थानात, घग्गर नदीच्या काठी. नावाचा अर्थच काळ्या बांगड्या. मातीच्या भाजलेल्या बांगड्यांचे तुकडे तिथे पायाखाली सापडतात, त्यावरून गावाला नाव पडलं. आमच्या एकीने तुकडा उचलून पदराला बांधला. मी ठेवायला लावला, तर चिडली. "एवढ्यांत एकाने काय होतंय?" गटाच्या पैशातून कुणी दहा रुपये उचलले तर तूच काय म्हणशील, असं विचारल्यावर तिने ठेवला, पण संध्याकाळपर्यंत अबोला.

कालीबंगाला १९६० नंतरच्या खोदकामात नांगरलेलं शेत सापडलं. इसवी सनापूर्वी २८०० च्या सुमाराचं. उभ्या आणि आडव्या सऱ्या, एका दिशेला जवळजवळ, दुसऱ्या दिशेला लांब लांब. त्या भागातले शेतकरी अजून तशाच सऱ्या काढतात, जवळच्या सऱ्यांत कडधान्य आणि लांबच्या सऱ्यांत मोहरी. म्हणजे आंतरपीक! आपण उसात हरभरा घेतो, बाजरीत तूर घेतो, तेच. ते शेत जपण्यासाठी पुन्हा मातीने झाकलंय, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही. शेजारच्या संग्रहालयात मडकी, बांगड्या बघायच्या आणि बाकीचं मनात बघायचं. तरी सातहीजणी त्या जमिनीकडे बघत उभ्या राहिल्या. शेतकरणींना सरी कळते.

राखीगढीच्या त्या ताईंनी निघताना विचारलं होतं, "तुमच्या गावाकडे असं काही आहे का?" मी नाही म्हणणार, तेवढ्यात आमच्यातली सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाली, "आहे की. दायमाबाद." मला शरमल्यासारखं झालं. आपल्याच श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी. १९७४ साली झुडपाचं मूळ खणताना ब्राँझचा हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैल जुंपलेला रथ सापडला. चौघांचं मिळून वजन साठ किलोहून जास्त. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. दायमाबाद पाहिलेलं मात्र नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. आमच्या गावाबाहेर छोटी पांढर होती. घराच्या धाब्यावर टाकायला सासऱ्यांनी तिथली माती ट्रॉलीने आणली, तेव्हा भरायला मीसुद्धा पाटी घेऊन होते. मातीत खापरं निघाली, ती आम्ही बाजूला फेकली. आता त्या जागी सपाट वावर आहे.

येत्या रविवारी सकाळी आठला बसस्थानकासमोरून दायमाबादसाठी जीप निघेल. नऊ जागा आहेत, पाच भरल्यात. डबा आपापला आणायचा. पिशव्या मात्र रिकाम्या आणू नका.