पाण्याचा हिशेब



गोदावरी, पूर्णा, दुधना या आपल्या परभणी जिल्ह्याच्या नद्या. १९७६ साली पैठणच्या जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले. त्याचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा जालन्यावरून आपल्याकडे येतो. म्हणजे आपण कालव्याच्या शेपटाकडचे लोक. वरच्याने जादा पाणी घेतले की खालच्याचे पीक वाळते. आणि काळ्या जमिनीस वारेमाप पाणी दिले की ती चिबड होते. नुकसान दोघांचेही.

२००५ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना पाणी मोजून घेण्याचा मार्ग दिला. पण मोजणारा, नोंद ठेवणारा माणूस गावात हवा ना?

या हिशेबात नदीचाही वाटा धरावा लागतो. पात्रातली वाळू पाणी धरून ठेवते. ती बेसुमार उपसली की काठच्या विहिरींची पातळी खाली जाते, माशांचा थारा तुटतो. जायकवाडीचा जलाशय १९८६ साली पक्षी अभयारण्य झाला. शेतीसाठी अडवलेले पाणी पाखरांच्याही कामी आले.

तेव्हा पालकांनो, मुलगा असो वा मुलगी, गणित आणि विज्ञान अर्ध्यावर सोडू देऊ नका. आपल्या शिवारातल्या पाण्याचा हिशेब उद्या त्यांनाच मांडायचा आहे.