इंग्रजीतील विशेषण व क्रियाविशेषण



महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकविली जाते. त्या भाषेतील विशेषण व क्रियाविशेषण यांचा भेद शिकविताना मुलाची चूक कोठून उपजते, हे आधी पाहणे अगत्याचे आहे.

मराठीत ‘चांगला मुलगा’ आणि ‘तो चांगला गातो’ या दोन्ही ठिकाणी शब्द एकच. ‘ती चांगली गाते’ येथे तर क्रियाविशेषणही लिंगाप्रमाणे बदलते. मूल ‘राम सिंग्ज गुड’ असे लिहिते, ते मातृभाषेच्या या वळणाने. त्याला निष्काळजी ठरवून वहीवर तांबडी फुली मारली, तर इंग्रजीच्या तासाला ते तोंड उघडीनासे होते.

त्याऐवजी एकच प्रश्न विचारावा : हा शब्द कोणाविषयी सांगतो? नामाविषयी असेल तर ‘गुड’, क्रियेविषयी असेल तर ‘वेल’. बैल ‘स्लो’ असतो, पण तो चालतो ‘स्लोली’.

मात्र शेवटच्या ‘ली’वर सर्वस्वी विसंबू नये. ‘फ्रेंडली’ हे विशेषण आहे. ‘फास्ट’ दोन्ही कामे करते. ‘गोविंद वर्क्स हार्ड’ म्हणजे गोविंद कष्ट करतो. ‘गोविंद हार्डली वर्क्स’ म्हणजे तो क्वचितच काम करतो. एवढ्या फरकाने स्तुतीची निंदा होते!

यास्तव फळ्यावर मराठी व इंग्रजी वाक्ये शेजारी शेजारी लिहावीत आणि त्यांतील फरक मुलांनाच शोधू द्यावा. त्यांनी स्वतः शोधलेला नियम त्यांच्या अधिक स्मरणात राहील.