हिरो येईपर्यंत



शाळेच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुण्याकडून दोन अपेक्षा असतात. भाषण लवकर संपावं आणि त्यात थोरामोठ्यांचे दाखले असावेत. पहिली अपेक्षा पुरी करण्याचा प्रयत्न करतो. दुसरीच्या बाबतीत मात्र पालकांची थोडी निराशा होईल, कारण मी दाखला देणार आहे तो जपानी कार्टूनचा, मुलं ज्याला ॲनिमे म्हणतात त्याचा. मोबाइलवर मुलं काय बघतात याची काळजी घराघरांत असते आणि ती बरोबरही आहे. पण पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतली नाटकं रात्र रात्र जागून बघणाऱ्या या मुलखाला, गोष्टीतला नायक माणसाला काय शिकवतो हे वेगळं सांगायला नको. प्रश्न एवढाच, की या नव्या गोष्टींतला नायक काय शिकवतो. माझं म्हणणं असं आहे, की त्यातल्या सगळ्यात चांगल्या गोष्टी नायकाची वाट बघणं किती घातक आहे, हेच सांगतात.

‘माय हिरो ॲकॅडेमिया’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. कोहेई होरिकोशी यांची ही चित्रकथा 2014 साली जपानी साप्ताहिकात सुरू झाली आणि 2024 मध्ये संपली. 2016 पासून तिची मालिका आली. त्या जगात दहापैकी आठ माणसांकडे जन्मतःच काहीतरी शक्ती असते आणि हिरो ही सरकारी परवाना असलेली नोकरी असते. इझुकू मिदोरिया या मुलाकडे शक्ती नसते, तरी मित्र संकटात दिसताच तो धावतो. हा भाग सगळ्यांना पाठ असतो. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा मुलगा, तेन्को. घरावर भयंकर आघात झालेला हा चिमुरडा विस्कटलेल्या अवस्थेत भर रस्त्यातून फिरतो. रस्ता माणसांनी भरलेला असतो. प्रत्येक जण त्याला बघतो आणि मनाशी म्हणतो, येईल कोणीतरी हिरो. एक बाई जवळ जाते, पण त्याचा चेहरा बघून घाबरते आणि निघून जाते. शेवटी त्याचा हात धरतो तो एक खलनायक, आणि पुढे तेन्को स्वतः त्या जगाचा सर्वांत मोठा खलनायक होतो. ज्यांनी शेवट वाचलेला नाही त्यांची माफी मागून सांगतो, की कथा संपता संपता तीच बाई, आता म्हातारी झालेली, दुसऱ्या एका एकट्या पोरापुढे हात करते. इतकी युद्धं रंगवल्यानंतर लेखकाला शेवटी ही गोष्ट दाखवावीशी वाटली. त्या जगात हिरो भरपूर होते. अडचण तीच होती. हिरो आहेत म्हणून बाकीचे थांबत नव्हते.

ही नुसती कल्पना नाही. 1968 साली अमेरिकेत जॉन डार्ली आणि बिब लातने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून माइकवरून गप्पा मारायला लावलं आणि मध्येच एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. हे ऐकणारा आपण एकटाच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी 85 टक्के जणांनी आवाज चालू असतानाच मदतीसाठी धाव घेतली. आणखी चार जण ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात हे प्रमाण 31 टक्क्यांवर आलं. न उठलेली मुलं निर्दय नव्हती. ती अस्वस्थ होती, हात थरथरत होते. दुसरं कोणीतरी उठलं असेल या विचारानं ती जागेवर राहिली. डार्ली यांनीच 1973 मध्ये डॅनियल बॅटसन यांच्याबरोबर आणखी बोचरा प्रयोग केला. धर्मोपदेशक होऊ घातलेल्या तरुणांना दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं आणि वाटेत एक माणूस कण्हत पडलेला ठेवला. काहींना तर भाषणाचा विषयच ‘वाटेत पडलेल्याला मदत करणारा प्रवासी’ हा दिला होता. ज्यांना सवड होती त्यांच्यातले 63 टक्के थांबले, ज्यांना उशीर झाल्याचं सांगितलं होतं त्यांच्यातले फक्त 10 टक्के. भाषणाच्या विषयानं फरक पडलाच नाही म्हणा ना. दयेवर भाषण करायला निघालेला माणूस कण्हणाऱ्याला ओलांडून जातो, हे आज या माइकसमोर उभं राहून सांगताना थोडं अवघडल्यासारखं होतंच.

यावर कोणी म्हणेल, माणसं इतकी वाईट नसतात. खरं आहे, आणि त्यालाही पुरावा आहे. 2019 मध्ये काही संशोधकांनी ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन या शहरांतल्या रस्त्यांवरच्या 219 भांडणांचं कॅमेऱ्यातलं चित्रण तपासलं. दहापैकी नऊ वेळा कोणी ना कोणी मध्ये पडलेलं दिसलं, आणि गर्दी जितकी जास्त तितकी कोणीतरी पुढे येण्याची शक्यताही जास्त. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडतात असं वाटेल, पण तसं नाही. गर्दीत कोणीतरी उठतो हे खरं. तो मीच असेन याची खात्री मात्र गर्दीमुळे कमी होते. म्हणून ‘माणसं चांगली असतात’ एवढ्यावर समाधान मानता येत नाही. पहिला हात कोणाचा, हा प्रश्न उरतोच.

आता आपल्याच राज्यातलं उदाहरण घेऊ. 17 एप्रिल 2021 रोजी मुंबईच्या मध्य रेल्वेवर वांगणी स्थानकात दृष्टिहीन आईबरोबर चाललेला सहा वर्षांचा मुलगा फलाटावरून रुळांवर पडला. समोरून उद्यान एक्स्प्रेस वेगात येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून धावले, मुलाला फलाटावर ढकललं आणि स्वतः वर चढले. पाठोपाठ गाडी निघून गेली. ते चित्रण देशभर पाहिलं गेलं. मिदोरियाच्या गोष्टीत असं म्हटलं आहे, की विचार करण्याआधीच त्याचं शरीर धावलं. शेळके यांनी नंतर सांगितलं ते याहून मोलाचं आहे. आपल्याही जिवाला धोका आहे हा विचार त्यांच्या मनात आला होता, आणि तो येऊनही ते धावले. रेल्वेनं 50 हजारांचं बक्षीस दिलं तेव्हा त्यातली निम्मी रक्कम त्या मुलासाठी देण्याचं त्यांनी जाहीर केलं. माझ्या मते त्या धावण्याइतकीच ही दुसरी कृती बघण्यासारखी आहे. गाडीसमोर धावण्याची वेळ आपल्यातल्या बहुतेकांवर कधीच येणार नाही. आणि मुलांनो, रुळांवर उडी मारायला मी अजिबात सांगत नाही, तो माणूस रेल्वेचा कर्मचारी होता, त्याला रूळ आणि गाड्या माहीत होत्या. पण मिळालेल्यातलं अर्धं देणं दहा रुपयांच्या बाबतीतही जमतं.

सगळ्यात कठीण आक्षेप वेगळाच आहे, आणि भंडारा जिल्ह्यात उभं राहून तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. सतरा बाळांपैकी दहा गेली, सात वाचवता आली. ती सात बाळं त्या रात्री आत धावलेल्या माणसांमुळे वाचली. पण दहा गेलीच. मग प्रश्न असा, की छोट्या-छोट्या चांगुलपणाचं कौतुक करून आपण व्यवस्थेच्या चुकांवर पांघरूण तर घालत नाही? घालत असू तर ते कौतुक बंदच करावं. पण नीट पाहिलं तर आगीपासून बाळाला वाचवणारी पहिली कृती आग लागण्याच्या कितीतरी आधीची असते. तापलेली वायर दिसली की सांगणं, विझवण्याचं यंत्र चालतं का हे पाहणं, तक्रार कागदावर लिहिणं आणि तिचं काय झालं हे पुन्हा विचारणं. यात टाळ्या नाहीत, चित्रण नाही, उलट कटकट्या म्हणून नाव मात्र पडतं. मी दया म्हणतो त्यात हेही येतं. गोड बोलणं हा तिचा सोपा भाग आहे, कटकट सोसणं हा अवघड.

या जिल्ह्याला हे नवीन नाही. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, आणि त्यातले शेकडो जुने तलाव कोहळी समाजाच्या कसबानं बांधले गेले. तलाव बांधणाऱ्यांचं नाव राहतं, पण तलाव टिकतो तो दरवर्षी पाळीवर माती टाकणाऱ्यांमुळे आणि गाळ काढणाऱ्यांमुळे. 1950 नंतर मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले, आणि ‘आता सरकार बघेल’ म्हणता म्हणता कित्येक तलाव गाळानं उथळ झाले. मालगुजारी जाणं योग्यच होतं, त्या काळातली वेठ परत यावी असं कोणी म्हणणार नाही. पण सरकारकडे दाद मागणारी माणसंही तीच असतात, जी पाळीवरून चालताना पडलेली भगदाडं बघतात. ज्यानं बघितलंच नाही तो तक्रार कसली करणार?

राहिला दिखाव्याचा प्रश्न. मदत करताना व्हिडिओ काढणारे आता पुष्कळ झाले आहेत. त्यावर जपानचंच एक जुनं उत्तर आहे. ताकाशी यानासे या चित्रकारानं 1973 साली ‘आनपानमान’ नावाचा नायक लहान मुलांच्या पुस्तकात आणला. त्याचं डोकं म्हणजे आत गोड पुरण भरलेला पाव. भुकेला दिसला की तो आपल्याच चेहऱ्याचा तुकडा मोडून देतो, आणि दिल्यावर त्याची शक्ती कमी होते. यानासे यांनी युद्धात सैनिक म्हणून भूक पाहिली होती, धाकटा भाऊ गमावला होता. कोणाची बाजू न्यायाची हे युद्धानंतर उलटसुलट होतं, पण भुकेल्याला खाऊ घालणं कुठल्याच बाजूनं चूक ठरत नाही, असं त्यांचं मत झालं. दया आणि दिखावा यांतला फरक यातून कळतो. देणाऱ्याचं काहीतरी कमी व्हायला हवं. डब्यातली पोळी, मधली सुट्टी, वर्गातल्या टोळक्यातली आपली जागा. ज्याला सगळे चिडवतात त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाची ती जागा पहिल्या दिवशीच जाते. कॅमेरा लावून केलेल्या मदतीत मात्र काही कमी होत नाही, उलट वाढतंच.

म्हणूनच, शाळेनं ‘सर्वांत दयाळू विद्यार्थी’ असं बक्षीस सुरू करू नये असं मला वाटतं. पहिल्याच वर्षी त्याचे गुण मोजले जातील. त्याऐवजी एक विनंती आहे. साकोलीवरून जाणाऱ्या मुंबई-कोलकाता महामार्गावर अपघात झाला की लोक जमतात, आणि पोलिसांच्या फेऱ्यात अडकू या भीतीनं मागे उभे राहतात. सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्येच मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारे निर्देश पक्के केले. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 134 अ आलं, त्यानुसार चांगल्या हेतूनं जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, आणि नाव सांगण्याची सक्तीही नाही. हे गावात फार थोड्यांना माहीत असतं. नववी-दहावीच्या मुलांना हा कायदा, वाहणारं रक्त दाबून कसं धरायचं, आणि 108 वर फोन केल्यावर किलोमीटरचा दगड, जवळचं गाव आणि रस्त्याची बाजू कशी सांगायची, एवढं शिकवायला एक दुपार पुरते. सराव परीक्षांच्या गडबडीतून तेवढी एक दुपार मुख्याध्यापकांनी काढावी, आणि त्या दिवशी पालकांनाही बोलवावं.